धानाच्या कोठीतली बाटली

दातवाले काका माणसाला नावाने ओळखत नसत, दाढेने ओळखत. बाजारात कुणी नमस्कार केला की ते आधी त्याच्या तोंडाकडे पाहत, मग चेहऱ्याकडे. "हौ हौ, खालची उजवी. आता दुखत नाही ना?" ही चौकशी झाली की मग घरच्यांची. त्यांचं खरं नाव तीन तुकड्यांचं होतं. ते बालाघाटात कुणालाच धड म्हणता येत नसे, आणि त्यांनीही तो आग्रह केव्हाच सोडला होता. चिनी माणूस, जन्म कलकत्त्याचा, धंदा दातांचा. बस स्टँडजवळच्या खोलीत पुढे दातांची खुर्ची आणि पडद्यामागे संसार. संसार म्हणजे ते आणि काकी.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माझे यजमान मँगनीजच्या खाणीत सर्व्हेअर होते. त्यांचे मित्र दोनच. एक हे काका आणि दुसरे लांजीकडचे एक वकीलसाहेब. तिघं जमले की आवाज फक्त वकीलसाहेबांचा ऐकू यायचा.

खाणीतल्या एका युरोपियन इंजिनिअरला काकांनी वरची कवळी करून दिली होती. मायदेशी परतताना तो काकांना वाइनच्या बाटल्यांची एक पेटी देऊन गेला. कवळी नीट बसेपर्यंत तो दर रविवारी यायचा, तेव्हा बाटली कशी ठेवायची, कशी उघडायची, खालचा गाळ न हलवता कशी ओतायची, हे त्याने काकांना शिकवलं होतं. बाटल्या फ्रान्सच्या आणि जर्मनीच्या. लेबलं आम्हाला वाचता येत नव्हती, साल तेवढं कळायचं. एक बाटली तर माझ्याहून वयाने मोठी होती.

बाटल्या आडव्या, अंधारात आणि गार राहायला हव्यात, असं काकांचं म्हणणं. यजमानांनी त्या आमच्या कोठीत, धानात पुरल्या. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. पण कोठीतलं धान खायचं असतं, हे शेतकऱ्यांच्या घरात जन्मलेल्या यजमान आणि वकीलसाहेब या दोन्ही शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही. जसजसं धान उतरलं तसतशा बाटल्या उघड्या पडल्या, आणि त्याही ऐन जेठात. सासूबाई कोठीत वाकल्या तर हाताला बाटलीची मान लागली.

"हे काय व्हय वो?"

"द्राक्षाचा रस आहे. जुना," मी म्हणाले.

"जुना आहे त फेका नं! काहून ठेवून राह्यले?"

त्या उन्हाळ्यात दोन बाटल्या आंबून गेल्या. काकींनी त्यात मुळा घालून लोणचं केलं, फेकलं काही नाही. तेव्हापासून कोठीच्या तळाचं दोन हात धान काढायचं नाही, असा आमच्या घरात नियम झाला.

बाटली वर्षातून एकदाच उघडायची, काकांच्या चिनी नव्या वर्षाला. ते माघाच्या थंडीत येई. काकी वैनगंगेचा मासा आलं आणि कांद्याची पात घालून वाफवत, मैद्याच्या शेवया हाताने ओढत. भात मात्र आमच्या घरच्या चिनोर तांदळाचा. वाइनसाठी वेगळे ग्लास कुणाकडे नव्हते. पेशंट चूळ भरायचे तेच ग्लास घ्यायचे, म्हणून ते मी स्वतः उकळून घेई. मीही प्यायचे. गावात कुजबुज झाली, पण कुजबुजणाऱ्यांच्या घरी मोहाची कुठे गाळली जाते, हे मला ठाऊक होतं.

काकांचा नियम एकच होता. "बोलू नका. पहिले गिळा, मंग बोला." वकीलसाहेबांना गप्प बसवणारं हे गावातलं एकमेव ठिकाण. गिळून झालं की कशाची चव लागली ते प्रत्येकाने सांगायचं. यजमानांना पावसाळ्यातल्या खाणीचा वास येई. मला एकदा पिकलं जांभूळ लागलं आणि मागाहून सागाची नवी पेटी उघडल्यासारखं वाटलं. काका खूश झाले.

"मले त लांजीच्या बसची सीट लागून राह्यली," वकीलसाहेब म्हणाले.

"वकीलसाहेब, जीभ कोर्टातच छोडून आले काय?" काका म्हणाले.

सगळ्यात जुनी बाटली मात्र काका उघडू देत नसत. त्यांचा जन्म याच देशातला, पण त्याचा कागद कलकत्त्यात कुठेतरी हरवलेला. सरकारच्या लेखी ते परदेशी, आणि ठाण्यात हजेरी चुकत नसे. वकीलसाहेबांनी त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज लावला होता. तो मंजूर होईल त्या दिवशी ही बाटली फोडायची, असं ठरलं होतं. दर माघात काका विचारत, "आला काय कागद?"

"येते नं, काका. सरकारचं काम आहे. दाढ थोडीच आहे, का ओढली अन् निघाली!"

काकी तोंडावर पदर धरून हसत. त्या साडी नेसायला आमच्याकडूनच शिकल्या होत्या.

मग चीनशी लढाई सुरू झाली. काकांची खुर्ची रिकामी पडली. त्यांनी बसवलेल्या दातांनीच लोक त्यांना शिव्या देऊ लागले. वकीलसाहेब ठाण्यात जाऊन म्हणाले, "या माणसाचा मी जामीन राहतो." चिनी लोकांना धरण्याचा हुकूम वरचा आहे, असं उत्तर मिळालं. एके दिवशी सकाळी दोन पोलीस आले. तेव्हा खुर्चीत हट्टा गावची एक म्हातारी कवळी बसवून घेत होती. "इतकं होऊ द्या," काका म्हणाले. पोलीस बाकावर बसून राहिले. काकांनी कवळी घासली, बसवली, पुन्हा काढून घासली, म्हातारीला चावून पाहायला सांगितलं. मग हात धुतले. मी पोचले तेव्हा काकींनी चुलीवरचा भात उतरवून माझ्या हातात दिला. "वाया जाईल," एवढंच म्हणाल्या. दोघांना राजस्थानातल्या नजरकैदेच्या छावणीत नेल्याचं आम्हाला पुढे कळलं.

काका काही वर्षांनी परत आले, ते एकटेच. काकी छावणीत तापाने गेल्या होत्या. त्यांच्या बस स्टँडजवळच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान लागलं होतं. आमच्याकडे दोन दिवस राहून ते काकींच्या भावाकडे कलकत्त्याला जाणार होते. मी मासा केला. काकींसारखा झाला नाही, पण ते जेवले.

"वयनी, कोठीतली आणा."

"पण काका, कागद..." यजमान म्हणाले.

"आणा."

बूच काढताना तुटलं. वाइनचा रंग विटेसारखा झाला होता. नियमाप्रमाणे सगळ्यांनी आधी गिळलं. जराशी गोड चव जिभेवर आली आणि पाहता पाहता गेली. वकीलसाहेबांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "मले काहीच नाही लागलं, काका."

"मले बी नाही," काका म्हणाले. "चांगली होती. आपल्यालेच उशीर झाला."

वकीलसाहेबांनी पिशवीतून नवा अर्ज काढला. "लढाई संपली आता. सही करा, मी पुन्हा लावतो."

"काहून? काकी त गेली."

"तुमच्यासाठी."

"मले आता नाही मागायचं, वकीलसाहेब." पण समोर बसलेल्या माणसाकडे पाहून त्यांनी सही केली. पत्ता आमच्या घरचा दिला. दुसऱ्या दिवशी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने ते गोंदियाला गेले. स्टेशनवर त्यांनी मला पाया पडू दिलं नाही.

कलकत्त्याला टाकलेलं आमचं पहिलं पत्र पोचलं. दुसरं परत आलं. काकींचा भाऊ घरदार विकून परदेशी गेला, असं तिथल्या शेजाऱ्याने कळवलं. काका त्याच्यासोबत गेले की नाही, हे त्याला सांगता आलं नाही.

सरकारचं उत्तर आलं तेव्हा वकीलसाहेब ते घेऊन धावतच आमच्याकडे आले. अर्जाचा विचार होऊ शकतो, अर्जदाराने दोन स्थानिक साक्षीदारांसह समक्ष हजर राहावं, असं त्यात लिहिलं होतं. काकांना कळवायला पत्ताच नव्हता, तरी नेमल्या दिवशी यजमान आणि वकीलसाहेब इस्त्रीचे कपडे घालून कचेरीत गेले. नाव पुकारलं गेलं. साहेबाने पुकारलं तेही चुकीचंच. दोघंही उभे राहिले.

"अर्जदार कोण?" साहेबाने विचारलं.

"आम्ही साक्षीदार आहोत," वकीलसाहेब म्हणाले.