अक्का असताना अक्काची आठवण

अक्काची फार आठवण येते, असं मी बोलून गेले की ऐकणारा दचकतो. "कधी गेल्या?" असं हळूच विचारतो. मग सांगावं लागतं की ती आहे, पालमजवळच्या तिच्या सासरगावी आहे, काल संध्याकाळीच आमचं फोनवर बोलणं झालं. आठवण येते ती आधीच्या अक्काची.

अक्का माझी थोरली बहीण. आई रोजानं निंदायला, कापूस वेचायला जायची, म्हणून माझी वेणी, माझे पाढे, माझी भांडणं सगळं अक्काच्याच वाट्याला. ती नकला फार सुरेख करायची. जागेवरून भांडणारी एसटीतली बाई, दर वाक्याआधी खाकरणारे विहाराच्या बैठकीतले काका, मुलगी बघायला येऊन पोह्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाणारा पाहुणा. आमचे अण्णा तसे कडक स्वभावाचे. पण अक्का सुरू झाली की ते पेपर तोंडापुढे धरायचे, आणि पेपर हलायला लागायचा. आम्हाला कळायचं, अण्णा हसायलेत.

तिचं लग्न झालं, दोन लेकरं झाली. घरची शेती होतीच, शिवाय ती मशीनवर ब्लाउज शिवायची. मी शिक्षिका झाले आणि पाथरीला आले. आई गेल्यावर तर आमचा संध्याकाळचा फोन ठरूनच गेला. तिच्या गावात दिवसभरात कोण कुणाला काय म्हणालं, ते सगळं ती आवाज काढून सांगायची. माझी मुलगी मावशीचा फोन आला की अभ्यास टाकून धावत यायची.

मग ते फोन हळूहळू कोरडे झाले. "हं." "बरंय." "ठेवू का?" मी भेटायला गेले तर मशीनवर चादर टाकलेली आणि अक्का दाराशी बसलेली. डोकं विंचरलेलं नाही. मला बघून उठली, पाणी आणलं, परत तिथंच बसली.

"काय झालंय गं?"

"काई न्हाई. मला काई वाटतच न्हाई. भाकरी गोड लागत न्हाई, लेकरू हसलं तरी काई वाटत न्हाई."

खरंच काही झालेलं नव्हतं, आणि हेच कुणाला पटेना. दाजी, म्हणजे तिचे मालक, भला माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "खायाला हाय, लेकरं गुणाची हायती, मी कधी हात उगारला न्हाई. मग हिला झालंय तरी काय?" जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. शेजारच्या बाईनं बाहेरचं असंल म्हणून एका देवऋषाचं गाव सांगितलं. ते अण्णांच्या कानावर गेलं तेव्हा ते भडकले. "आपल्या घरातले अंगारेधुपारे माझ्या बापानं धम्म घेतला तवाच बंद झाले. ते आता परत उंबऱ्याच्या आत यायचे न्हाईत." त्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. पण सगळे उठून गेल्यावर अण्णांनी मलाच विचारलं, "पण मग न्यायचं कुठं गं तिला?" त्यांचा तसा पडलेला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मनाचा डॉक्टर असतो हे मला माहीत होतं. पण नाव काढलं की सासरकडचे म्हणायचे, "येडी न्हाई ती."

हिवाळ्यातली दुपार होती. शाळेत मुलं खिचडी खायला बसली होती आणि अक्काचा फोन आला. कित्येक दिवसांनी तिनं आपणहून केलेला. आवाज हलका, जवळजवळ आनंदी. मला इतकं बरं वाटलं की मी बोलत बोलत मैदानात गेले.

"माझी मशीन तू घिऊन जा," ती म्हणाली. "तुझी पोरगी शिकंल."

"आणि तू कशावर शिवशील?"

"मला काय करायचीय आता? लेकरांकडं बघशील ना गं?"

"तू कुठं जायलीस अक्का?"

"कुठं न्हाई," म्हणाली आणि फोन ठेवला. परत लावला तर उचलेना.

मी पळतच आत आले. आमच्या शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावर मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा कागद चिकटवलेला होता. रोज समोर असायचा, कधी नीट वाचला नव्हता. तो नंबर लावला. पलीकडे एक बाई होत्या, मराठीच बोलणाऱ्या. मी रडत, तुटक तुटक सांगत होते. त्यांनी घाई केली नाही. "त्यांच्याजवळ आत्ता कोण आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कुणीच नसेल, म्हटलं. "मग आधी कुणाला तरी तिथं पाठवा. त्यांना एकटं ठेवू नका. घरातली फवारणीची औषधं घराबाहेर काढायला सांगा. आणि भेटल्यावर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. बोलायला वाट मिळते. आणि उद्याच जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, तिथं मानसोपचाराचे डॉक्टर बसतात."

दाजी रानात, फोनला रेंज नाही. मग आठवली ती अक्काच्या गावची आशाताई. घरोघर जाऊन बाळंतिणी, लसी बघणारी गावातलीच बाई. अक्काच्या दोन्ही बाळंतपणांत तिचीच धावपळ होती. फोनवर मी पुरतं सांगायच्या आधीच ती म्हणाली, "मी निघाले ताई. तुमी या सावकाश."

सावकाश कसली येते! जीपनं परभणी, तिथून गंगाखेडची एसटी, तिथून पालम. खिडकीबाहेर तुरीची रानं पिवळी पडलेली, कुठं कुठं कापणी चाललेली. गाडीत एक म्हातारी कंडक्टरशी सुट्या पैशांवरून अशी काही भांडत होती की सगळी गाडी हसत होती. मला वाटलं, अक्का आत्ता शेजारी असती तर या म्हातारीची नक्कल तिनं जन्मभर पुरवली असती. तोंडाला पदर लावून मी रडले.

पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. अंगणात अक्का आणि आशाताई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. काय बोलावं ते कळेना म्हणून शेंगा पुढं घेतल्या, असं आशाताईनं मला नंतर सांगितलं. तिनंच माणूस पाठवून दाजींना रानातून बोलावलं होतं आणि दाजींनी फवारणीचे डबे उचलून चुलतभावाकडे कुलपात ठेवले होते. आता ते गोठ्याशी नुसते उभे होते.

मी अक्काच्या शेजारी बसले. मीही एक शेंग सोलली. शेवटी विचारलं.

"अक्का, जीव द्यावासा वाटायलाय का तुला?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती मला दिसली.

"लय दिवसांपासून," ती म्हणाली. "आज ठरवलंच व्हतं. तू इचारलंस बघ. बाकी सगळे जेवलीस का, येवढंच इचारतेत."

मग ती रडली. आशाताईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि तिची पाठ धरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परभणीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. अण्णाही आले, धुतलेला पांढरा सदरा घालून. मानसोपचाराच्या खोलीबाहेर बाकावर गर्दी होती. अण्णांच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथून चालले होते. ते थांबले. "इथं कसं काय? कुणाला आणलं?" मला वाटलं, अण्णा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. ते उभे राहिले आणि म्हणाले, "लेकीला. मनाचा आजार हाय तिला. बरा होतो म्हणतेत." अक्कानं खाली घातलेली मान वर केली.

डॉक्टर तरुण होत्या. अण्णा आणि मी सांगायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं. "त्यांनाच सांगू द्या." अक्का अडखळत बोलली. डॉक्टर ऐकत राहिल्या. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्यांना वेळ लागतो हे सांगितलं. काही दिवस तिला तिथंच ठेवून घेतलं. मी जवळ राहिले. रोज सकाळी एक समुपदेशक बाई येऊन तिच्याशी बोलत बसायच्या.

बरं होणं फार हळू असतं. आधी झोप आली, मग भूक, मग एके दिवशी ती धाकट्याला दप्तरावरून रागावली म्हणून आम्हाला आनंद झाला. पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी तिला सांगितलं, या गोळ्यांची सवय लागते. तिनं कुणाला न विचारता त्या बंद केल्या आणि पुन्हा खाली घसरली. पण या वेळी तिनं मला मशीन देऊ केली नाही. ती उठली, भर दुपारी चालत आशाताईच्या घरी गेली आणि म्हणाली, "मला परत तसंच वाटायलंय. बहिणीला फोन लाव." आशाताईनं हे सांगितलं तेव्हा मी शाळेच्या पायरीवर बसून रडले. घाबरून नव्हे. माझी अक्का स्वतःसाठी चालत गेली होती.

आता ती शिवते, रानात जाते, ठरल्या दिवशी एसटीनं परभणीला जाऊन डॉक्टरांना भेटून येते. बोलते, पण हळू बोलते. नकला करत नाही. मध्ये एकदा न राहवून मी म्हणाले, "अक्का, मला ती आधीची तू लय आठवतेस गं."

ती सुईत दोरा ओवत होती. "मला बी आठवती," म्हणाली. "लय गमतीची व्हती."

"येईल का परत?"

"काय म्हाईत." तिनं दोऱ्याला गाठ मारली. "आली तर तुला फोन करते."

म्हणाली आणि जराशी हसली. मी ते हसू घेऊन पाथरीला आले.

पालम तालुक्यात बदली मिळावी म्हणून मी विनंती केली आहे. अजून काही झालेलं नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी गाडी गाठते. इतर दिवशी संध्याकाळी फोन हातात घेते तेव्हा वाटतं, मध्ये हे इतके तालुके नसते, नुसती एक भिंत असती, तर तिच्या मशीनचा आवाज ऐकत मी माझ्या पोळ्या लाटल्या असत्या. मग ती बोललीच पाहिजे असंही नव्हतं.