निंदणीच्या गाण्याचे शेवटचे कडवे

या समूहावर मी बराच काळ केवळ वाचक म्हणून वावरले. लिहिण्याचे धाडस आज प्रथमच करीत आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका. दारावरची लिंबू-मिरची भिंगाखाली धरली तरी लिंबू आणि मिरचीच दिसते, हे मुलांना पटवण्यात माझी नोकरी सरली. आमचे घर बौद्ध. अंगात येणे, उतारा टाकणे, ‘बाहेरचे’ लागणे — या शब्दांना आमच्या उंबऱ्याच्या आत कधी थारा मिळाला नाही. आजही नाही. म्हणूनच पुढचे लिहिताना संकोच वाटतो…

आम्ही जानेफळला, मेहकर तालुक्यात, गावाच्या अगदी कडेला राहतो. मागच्या भिंतीला लागून पुंडलिकभाऊजींचे — माझ्या यजमानांच्या चुलतभावाचे — हरभऱ्याचे वावर आहे. यजमान आता नाहीत. घरात मी आणि माझ्या सासूबाई, सुंदराबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचे माहेर सुलतानपूर.

लग्नाआधी त्या तिथे शेवंता आणि कौसा या दोन मैत्रिणींबरोबर निंदायला, म्हणजे पिकातले तण काढायला, जात. निंदता निंदता तिघी गात. एकदा रेडिओची माणसे जीपमधून आली, शाळेच्या खोलीत त्यांनी यंत्र मांडले आणि या तिघींचे गाणे फितीवर घेतले. ठरल्या दिवशी सारे गाव एका ट्रान्झिस्टरभोवती जमले, आणि रेडिओवर भलताच कार्यक्रम लागला. गाणे पुढे कधी लागले असेलही. ऐकले मात्र कोणीच नाही. तेव्हापासून आत्याबाईंना ‘रेडिओवाली’ हे नाव चिकटले, ते सासरीही आले.

पुंडलिकभाऊजी तर ओसरीवर टेकता टेकताच विचारायचे, “काकू, आज किती वाजता हाय तुमचा प्रोग्राम?”

आत्याबाई पूर्वी फटकन उत्तर द्यायच्या. अलीकडे गप्प राहू लागल्या होत्या. एकदा मिरच्यांची देठे खुडताना मला हळूच म्हणाल्या, “मंदा, मले सपन तं नसंन पडलं? शेवंता नाई, कौसा नाई… इचारू कोनाले?”

चेष्टा त्यांनी जन्मभर सोसली होती. पण आता त्यांचा स्वतःवरचाच विश्वास सुटत चालला होता, आणि ते मला बघवत नव्हते.

आता रेडिओविषयी. माझी मुलगी सुजाता पुण्याला मोबाइल टॉवरची रेडिओ-यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. निवृत्तीनंतर मला एकटेपणा वाटू नये म्हणून तिने बोटाएवढी एक डबी आणून लॅपटॉपला जोडून दिली. ‘सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ’ हा शब्द मी साठी उलटल्यावर शिकले. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा रेडिओ लागे. पोलिसांचा वेगळा, जहाजाचा वेगळा, घरातला वेगळा. आता एरियलच्या तारेवर आलेल्या लहरींचे सरळ आकडे करायचे, आणि त्यांतून काय ऐकायचे ते प्रोग्रामने ठरवायचे. आधी ही चैन लष्कराला आणि प्रयोगशाळांनाच परवडत असे. पुढे टीव्ही पाहण्यासाठी निघालेल्या स्वस्त डबीतही हीच करामत दडलेली आहे, हे कोणा हौशी लोकांच्या लक्षात आले. आज आपल्या गावचा टॉवरही याच तत्त्वावर चालतो. खोका तोच राहतो, प्रोग्राम बदलला की तो नवी भाषा शिकतो. निवृत्त शिक्षिकेला हे ऐकून थोडे बरे वाटले, हे कबूल करते.

यातली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे मीडियम वेव्हचा सगळा पट्टा एकाच वेळी साठवून ठेवता येतो. आठवडी बाजाराचा सगळा गलका एकदाच पिशवीत भरून आणावा, आणि घरी निवांत बसून एकेकाचा आवाज निवडावा, तसे. गच्चीवरून कडुनिंबापर्यंत तार बांधून मी दुपारी अशी साठवण करीत असे. पडद्यावर प्रत्येक केंद्र उभ्या रेघेसारखे वाहताना दिसते. भाऊजींनी रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, भीतीने कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारे झटका मशीन लावले आहे. त्याचा प्रत्येक ठोका आडवी रेघ होऊन या सगळ्या उभ्या रेघा कापत जातो, आणि कानाला ‘टक्… टक्’ असा ऐकू येतो.

एका सकाळी मी आदल्या दुपारची साठवण चाळत बसले होते. आत्याबाई शेजारी तूर निवडत होत्या. दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक फिकट रेघ दिसली. मी तिथे गेले. आधी खरखर, मग तीन बायकांचे आवाज, खोलीत घुमल्यासारखे —

“वाफ्या-वाफ्यातून गं, तन काढू बाई,
शिकत्या लेकराले गं, मांगं वढू नाई…”

आत्याबाईंचा हात सुपातच थांबला. गाणे पुढे गेले, क्षणभर तुटल्यासारखे झाले आणि शेवटचे कडवे आले. आपल्याकडे अशा गाण्यांत शेवटच्या कडव्यात गाणारीचे नाव गुंफायची रीत आहे, तसेच ते होते —

“सुलतानपूरच्या गं, आमी तिघी जनी,
सुंदरा, शेवंता, कौसा, गाती निंदनी…”

“आत्याबाई, हे…”

“पुंडलिकले बलाव,” त्या एवढेच म्हणाल्या.

पुंडलिकभाऊजी पायाच्या चिखलासकट आले. मी गाणे लावले. नावे आली तेव्हा ते खाली बघत होते. संपल्यावर म्हणाले, “परत लाव बरं, वहिनी.” दुसऱ्यांदा ऐकून ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

“काकू, हे तं तुमीच हाय.”

“मंग काय तुही माय होती?”

भाऊजी मोकळेपणी हसले. “नाई, चुकलंच आमचं. पन गळा लय गोड होता हो तुमचा. काका ऐकून होते काय?”

“थे तं घोरत,” आत्याबाई म्हणाल्या, आणि स्वतःच चहा टाकायला उठल्या.

संध्याकाळपर्यंत अर्धी आळी ऐकून गेली. त्या दिवशी आत्याबाईंनी दोन घास जास्त खाल्ले.

सुजाता सुट्टीत आली तेव्हा तिने ती साठवण तपासली. त्या जागी कुठल्याही केंद्राची नोंद तिला सापडली नाही. आधीच्या आणि नंतरच्या साठवणींत तिथे काहीच नव्हते. आम्ही रेडिओ केंद्राकडे चौकशी केली. तशी फीत आपल्याकडे नसल्याचे त्यांनी सौजन्याने कळवले. मग सुजाताने पडदा मोठा केला.

“आई, हे बघ. झटका मशीनचा ठोका सगळ्यांना कापत जातो. गाण्यालाही कापतो. पण शेवटचं कडवं आलं की बघ… ठोक्याची आडवी रेघ इथे थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. याला ठोका लागतच नाही.”

“असं का होत असेल?”

“होत नाही. एकाच तारेवरून आलंय, ठोका सगळ्यांना लागायलाच पाहिजे.” ती पुन्हा ऐकू लागली. “आणि हे कडवं खोलीतलं नाही. आवाज घुमत नाही बघ. मोकळ्यावर आहे.”

तेही खरे होते. नीट ऐकल्यावर मागे होले पक्षी घुमताना ऐकू येत होते, आणि चालताना होते तशी पावलांची चाहूल.

आत्याबाई खाटेवर पडल्या होत्या. मला वाटले झोपल्या आहेत.

“थे कडवं आमी मशीनीत म्हनलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी वळलो.

“सायबानं हात वर केला, म्हने टाइम झाला. नावाचं कडवं राह्यलं. कौसा लय हिरमुसली. मंग जीप गेली, अन् आमी वावरात जाता जाता रस्त्यानं म्हनलं. तिच्यासाठी.”

“आजी, तिथे कोणी होतं? एखादं यंत्र?”

“तिघी होतो. अन् तीन खुरपी.”

सुजाताने लॅपटॉप हलकेच मिटला. आवाज हवेत कायमचे राहत नाहीत, ते विरून उष्णता होतात, हे मी किती वर्गांना शिकवले आहे. ते चूक आहे असे मी आजही म्हणणार नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, सुजाताकडेही नाही. कोणा जाणकाराला सुचल्यास अवश्य कळवावे, मी आनंदाने मान्य करीन.

पुढच्या आठवड्यात आम्ही सुलतानपूरला जाऊन शेवंताबाईंच्या लेकीला गाणे ऐकवले. हे कुठून आले, असे तिने विचारले नाही. आईचे नाव आले तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला, एवढेच.

हा अनुभव इथे लिहिण्यापूर्वी मी आत्याबाईंची परवानगी मागितली. लोक विश्वास ठेवणार नाहीत, कदाचित हसतील, असेही सांगितले.

“लिव,” त्या म्हणाल्या. “पटलं तं पटलं. नाई पटलं तं नाई. मी आयकलं ना माह्या कानानं… माहं भागलं.”