गोणपाटकाकांची खात्री

गोणपाटकाकांनी आयुष्यात एकही झाड खोडाला धरून उचललं नाही, आणि दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही. परदेशातल्या आमच्या या कापेल गावात नवं घर घेतलेला कुणी मराठी माणूस झाड खोडाला धरून गाडीतून ओढायला लागला, की काका सायकल तिथंच आडवी टाकून पुढे व्हायचे. "अहो, गळा आहे तो त्याचा. तुम्हाला कुणी गळ्याला धरून उचललं तर चालेल का?" मग स्वतः वाकून खालचा मातीचा गोळा दोन्ही हातांनी कवेत घ्यायचे, तान्हं बाळ घ्यावं तसा.

इथं मोठी झाडं मुळांभोवतीच्या मातीसकट खणून काढतात आणि तो गोळा गोणपाटात घट्ट बांधून विकतात. लावताना गोणपाट तसंच ठेवायचं, फक्त खोडाजवळची गाठ सोडायची. बाकीचं जमिनीत आपोआप कुजतं. हे काका इतक्या वेळा सांगायचे, की त्यांचं खरं आडनाव आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणालाच आठवेनासं झालं होतं. मूळचे मिरजेचे. तरुणपणी जहाजांच्या गोदीत वेल्डिंगच्या कामाला आले ते इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर सायकलच्या दांडीला फावडं बांधून गावभर हिंडायचे आणि आमच्यासारख्यांच्या बागा मार्गी लावायचे.

नव्या घराचं झाड पाडव्याच्या मुहूर्तावर लावायची हौस प्रत्येकालाच असायची. काका ती जागच्या जागी मोडून काढायचे. "पाडव्याला श्रीखंड खा. झाड नोव्हेंबरात लावायचं, ते झोपलेलं असताना." खड्डा फावड्याच्या दांड्याने मोजायचे. रुंदी गोळ्याच्या दुप्पट, खोली मात्र गोळ्यापेक्षा दोन बोटं कमीच, कारण इथली भुसभुशीत माती नंतर खाली बसते. कुणी उत्साहाच्या भरात जास्त खोल गेलं तर म्हणायचे, "आपण लावतोय, पुरत नाही." एकदा कुणीतरी हळवं होऊन म्हणालं, "काका, आपणही असेच मुळांसकट उपटून आलो, नाही?" काका वैतागले. "माणसाला मुळं नसतात, पाय असतात. जा, पाणी आण."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. कुठल्याही गोष्टीची खात्री न बाळगण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे त्यांचं हे ठामपण मला सुरुवातीला जरा अतीच वाटायचं.

मग एका वर्षी पुण्यात माझे बाबा गेले. मला तिकीट मिळालं ते दुसऱ्या दिवसाचं. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. परत निघताना आई एवढंच म्हणाली, "तिकडे त्यांच्या नावाचं एक झाड लाव." आमच्या सोसायटीच्या दारातला सोनचाफा बाबांनी लावलेला. चाफा इथं कुठून आणायचा? काका म्हणाले, मॅग्नोलिया घे, चाफ्याचं चुलत भावंड आहे.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी झाड आलं. काका अकराला येणार होते. तोवर तयारी करून ठेवावी म्हणून मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि गोणपाट सरळ कापून काढलं. ऐकलेलं सगळं विसरून हात पुण्याच्या सवयीने चालले. तिकडे नर्सरीतलं रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत येतं, आणि पिशवी फाडल्याशिवाय ते लावतच नाहीत. अर्धा गोळा फरशीवर सांडला. मुळं उघडी पडली. बाबांचं शेवटचं काही करायला मिळालं नव्हतं, आणि जे मिळालं तेही मी माझ्या हाताने बिघडवलं. मी तिथंच मातीत बसून रडले.

काका आले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "सुती कापड आण. सुतीच हवं, कुजायला पाहिजे." माझ्या घरात सगळ्यात पॉलिस्टर मिसळलेलं. निखळ सुती एकच वस्तू होती, बाबांचा पंचा, त्यांच्या कपाटातून मी मागून आणलेला. तो पुढे केला आणि कुणाचा ते सांगितलं. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग तर उत्तमच." सांडलेली माती त्यांनी ओंजळीने गोळा करून मुळांभोवती लावली, पंचा ओला करून घट्ट आवळला आणि झाड खड्ड्यात ठेवलं.

"काका, जगेल ना?"

"जगेल."

"कशावरून?"

"मी लावतोय म्हणून."

चहा केला तर म्हणाले, आधी त्याला पाणी, मग मला चहा. त्यानंतर दर शनिवारी ते यायचे. इकडून चाललो होतो, असं म्हणायचे. आमच्या गल्लीतून पुढे कुठेच जाता येत नाही, हे मला ठाऊक होतं. आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायची, "काही फुटलं का गं?" एप्रिलमध्ये दोन फुलं आली. दोनच. मी फोन जवळ धरला. आईने चष्मा लावून दोन्ही नीट पाहिली. मग म्हणाली, "छान आहेत."

पुढच्या शरदात काका झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी माझा हात हातात घेतला. "तुझ्या झाडाची ह्यांना मुळीच खात्री नव्हती बघ. त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, पोरीला खोटं सांगून आलोय, आता ते जगवायला पाहिजे."

काकूंनी त्यांचं फावडं मला दिलं. गेल्या नोव्हेंबरात ग्रुपवरच्या एकाने झाड आणलं आणि गोणपाट कापून बसला. मी सायकल काढून गेले. माती गोळा केली, घरून नेलेल्या सुती साडीत गोळा बांधला. त्याची बायको कोपऱ्यात उभी होती, डोळे भरलेले.

"ताई, जगेल ना?"

"जगेल."

"कशावरून?"

"मी लावतेय म्हणून."

घरी आले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.