केस न जाणारा सांधा

संताजी पांचाळच्या सांध्यात केससुद्धा जात नाही, असं मिलमध्ये म्हणायचे. एका सायबानं तर खरोखरच स्वतःच्या डोक्यातला केस उपटून पाहिला होता, आणि त्याच्या डोक्यावर मुळात फार शिल्लक नव्हते. मागाचे लाकडी भाग, दारं, पेट्या, ऑफिसातली टेबलं, सगळं सुतारखात्यात संताजीच्या हाताखालून जायचं. दोन फळ्या जोडल्या की तो त्यांवरून तळहात फिरवायचा आणि समोरच्याला विचारायचा, “सांग, ही कुठं संपली आणि ती कुठं सुरू झाली?” उत्तर द्यायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ब्याण्णव साली मिल बंद झाली. इंदुरातल्या मिली तेव्हा एकामागून एक बंद पडत होत्या आणि माणसं मिळेल त्या कामाला लागत होती. कुणी हातगाडी लावली, कुणी राजवाड्याजवळ दुकानात मालाच्या गठड्या उचलायला गेला. संताजी मात्र कितीतरी वर्षं रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बंद गेटासमोर जाऊन उभा राहायचा.

“अहो, सगळ्या शहरात घरं बांधून राहिलेत लोक,” सुमन, त्याची बायको, म्हणायची. “घर म्हटलं की दारं-खिडक्या आल्याच. जा ना कुठंतरी.”

“मिलचा सुतार आहे मी. लोकांच्या दारोदार नाही फिरत.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. पीळ सांभाळायला घरात कुणीतरी राबणारं असलं की तो जास्तच दिवस टिकतो, हे म्हणीत सांगायचं राहून गेलंय. सुमनच्या पायमशीनवर घर चाललं. मुलीचं, शुभदाचं, शिक्षण त्याच मशीनवर झालं आणि देवासला लग्नही झालं. ज्या उजव्या पायानं तिनं हे सगळं ओढलं, नेमका तोच पुढं लकव्यानं गेला. देवाचा हिशोब बरोबर असतो म्हणणाऱ्यांनी एकदा सुदामा नगरातल्या त्यांच्या घरी येऊन सुमनला हे समजावून सांगावं.

ती काठी घेऊन घरात चालू लागली, पण अंगण तिला तुटलं ते तुटलंच. दाराबाहेर दोन उंच पायऱ्या, खाली उखडलेली फरशी आणि माती. पूर्वी थंडीत तिची दुपार त्या अंगणात जायची. जामाच्या, म्हणजे पेरूच्या झाडाजवळ शेजारणी जमायच्या, बटले, म्हणजे मटार सोलले जायचे, सगळ्या कॉलनीची खबर तिथं कळायची. आता ती दारात खुर्ची टाकून बसायची. बायका थोडा वेळ फाटकापाशी थांबून बोलायच्या आणि उन्हाकडे निघून जायच्या. सुमननं कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, “मला फक्त तिथवर जाता आलं पाहिजे. कुणी धरून न्यायला नको. माझी मी.”

तेव्हा संताजीला पहिल्यांदा आपल्या इस्त्रीच्या शर्टाची लाज वाटली. तो कामाला लागला.

तोवर शहर बदललं होतं. बायपासकडे फार्महाउसं उठली होती, त्यांत पोहायचे तलाव आले होते, आणि तलावाभोवती लाकडासारखं दिसणारं पण लाकूड नसलेलं काहीतरी अंथरायची टूम निघाली होती. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून केलेल्या फळ्या. पाऊस लागला तर कुजत नाहीत, वाळवी लागत नाही, पॉलिश नको. त्याला डेक म्हणायचं. शुभदाच्या वयाचा मानस नावाचा ठेकेदार ही कामं घ्यायचा. त्यानं संताजीला पहिल्याच दिवशी समजावलं.

“काकाजी, एक बात पक्की. हे उन्हात लांबीत वाढतं. भिंतीपाशी करंगळीएवढी जागा सोडायची. फळीला फळी भिडवायची नाही. थंडीत लावाल तर अजून जास्त सोडायची.”

“लाकूड लांबीत वाढत नसतं, भिया. पावसात रुंदीत फुगतं. वस्तादानं शिकवलंय मला.”

“अहो, पण हे लाकूड थोडीच आहे?”

संताजी फटी ठेवू लागला. प्रत्येक फट ठेवताना त्याच्या कपाळावर आठी पडायची. “फटच ठेवायची तर सुतार कशाला? उंदीर आणा,” असं तो मजुरांना ऐकवायचा. पण लोकांच्या कामात त्यानं कधी लबाडी केली नाही. धुण्यापुसण्याचं तर मालकिणींना स्वतः बसून सांगायचा. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, घासायचं ते लांबीच्या दिशेनं, तारेचा ब्रश लावायचा नाही, फटीतला पालापाचोळा अडकू द्यायचा नाही.

एका थंडीत एका मोठ्या कामावरच्या बऱ्याच फळ्या उरल्या. मानस म्हणाला, “घेऊन जा काकाजी, काकूंसाठी बाहेर काही करा.” संताजीनं त्या टेम्पोत घालून घरी आणल्या, तेव्हा तो लग्नाची वरात आणल्यासारखा पुढं बसला होता.

त्यानं पाइपांची फ्रेम केली. दाराच्या उंबऱ्यापासून समोरच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, उंबऱ्याच्या बरोबरीनं, एकही पायरी नाही. सुमन दारात बसून पाहत होती. तो एकेक फळी उंबऱ्याला आणि भिंतीला घट्ट भिडवून ठोकून बसवत होता.

“अहो, त्या मानसनं फट ठेवायला सांगितली होती ना?”

“तुझी काठी अडकेल त्यात.”

“भिंतीकडे कुठं जाते माझी काठी? तिकडे तरी ठेवा.”

“तू बस गं. सुतार मी आहे की तू?”

काठीचं खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. पूर्ण खरं त्याचं त्याला माहीत होतं. मिल बंद झाल्यापासून त्याच्या हातून त्याच्या मनासारखं काम झालंच नव्हतं. लोकांच्या अंगणात तो मानसच्या पद्धतीनं फटी ठेवत आला. निदान स्वतःच्या दारात, स्वतःच्या बायकोच्या पायाखाली तरी संताजी पांचाळचं काम असावं. एवढीच त्याची हौस होती, आणि तिनंच घात केला.

संक्रांतीला सुमन काठी टेकत, कुणाचा हात न धरता, जामाच्या झाडापर्यंत गेली. तिथं पोचली आणि रडली. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या, डेकवर सतरंजी अंथरली, तिळगूळ वाटला. संताजीनं एका पोरीला केस मागितला आणि सांध्यावर धरून दाखवला. केस गेला नाही. बायकांनी माना डोलावल्या. सुमन त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, तसं तिनं मिल बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

होळीनंतर ऊन तापलं. “दुपारी फळ्या बोलतात हो,” सुमननं सांगितलं. “टक टक आवाज येतो.” एक स्क्रू वर आला होता. संताजीनं तो काढून जास्त लांबीचा घातला आणि असा आवळला की मनगट दुखलं. फळी सांगत होती, बायको सांगत होती. ऐकायचंच नसलं की माणसाला लांब स्क्रू सापडतो.

मे महिन्यात तो एका फार्महाउसवर होता. नवीन मजुरानं भिंतीला फळी चिकटवून लावली म्हणून त्याला रागावत होता, तेवढ्यात शेजाऱ्यांचा फोन आला. सुमन बाहेर वाळत घातलेले पापड काढायला गेली होती. धुळीचं वादळ येईलसं वाटलं म्हणून घाईनं. दारासमोर पडली. खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे कपडे घ्यायला तो घरी आला. डेक सपाट होता. दुपारच्या उन्हात उठलेल्या फळ्या रात्रीच्या गारव्यात परत खाली बसल्या होत्या. कुणी पाहिलं असतं तर काही दिसलं नसतं. पण दारासमोर दोन स्क्रू मुळासकट उपटून आडवे पडले होते, आणि त्यातला एक तोच लांबवाला होता. संताजी तिथंच बसला. तळहात फळीवरून फिरवला. मग दोन्ही स्क्रू उचलून खिशात टाकले.

दवाखान्यात शुभदा आईला विचारत होती, “आई, झालं तरी कसं?”

सुमननं संताजीकडे पाहिलं. “काही नाही गं. माझाच पाय घसरला. मेला तो पाय धड आहे का माझा?”

संताजीनं ऐकलं आणि मान खाली घातली. बोलायला तोंड होतं, खिशात स्क्रू होते. पुढं येईल त्याला सुमन तेच सांगत राहिली, आणि तो प्रत्येक वेळी पाणी आणायला आत जात राहिला.

ऑपरेशन झालं, पण पाय काही उभा राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, आता खुर्चीच.

पावसाळ्यात संताजीनं सगळा डेक उखडला. एकेक फळी दोन्ही टोकांना कापली आणि पुन्हा लावली. उंबऱ्यापाशी फट, भिंतीपाशी फट, फळी-फळीत फट. फार्महाउसवाल्यांना ठेवतो त्याहून नीट. आत पलंगावर पडून सुमन करवतीचा आवाज ऐकत होती.

थंडी पडली. एका सकाळी त्यानं चाकांची खुर्ची पलंगापाशी आणली. बटल्याची थैलीही आणली होती.

“चल. ऊन छान पडलंय.”

“नको.”

“सगळं पुन्हा केलंय मी. आता नाही उठणार फळी. फट ठेवलीय.”

“ठेवलीत ना? बरं केलंत,” सुमन म्हणाली. “लोकांपुढं तुमचं नाव राखलं मी. राखीन मरेपर्यंत. पण त्या फळ्यांवर मला नका नेऊ. भीती वाटते मला.”

आयुष्यभर ती त्याच्या हाताच्या कामावर डोळे मिटून बसली, झोपली, चालली होती. तिचा पलंगसुद्धा त्यानंच केलेला होता. संताजी खुर्ची परत कोपऱ्यात ठेवून आला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडला.

पण डेक तो रोज धुवायचा. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, लांबीच्या दिशेनं. जामाची पानं फटीत अडकली की पातळ पट्टीनं काढायचा. शेजारणी म्हणायच्या, संताजीभाऊंचं अंगण कसं आरशासारखं आहे. बसायला कुणी नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास मानस सुमनला भेटायला आला. दोन शेजारणीही तेव्हा फाटकाशी उभ्या होत्या. मानस डेककडे पाहत उभा राहिला. “क्या बात है काकाजी! एकदम कायदेशीर काम. गॅप तर बघा. मग काकू कशा काय घसरल्या हो यावर?”

आतून सुमनचा आवाज आला, “अरे, माझाच पाय…”

“पाय नाही घसरला,” संताजी म्हणाला. त्याचा आवाज इतका मोठा निघाला की फाटकाशी बायका वळल्या. “माझी फळी उठली. घट्ट भिडवून लावली होती मी. तू सांगितलं होतंस, तिनंही सांगितलं होतं. माझ्या कामानं पाडलं तिला, मानस. ती मला वाचवायला खोटं बोलते आणि मी बोलू देतो.”

खिशातून त्यानं ते दोन स्क्रू काढून मानसच्या हातावर ठेवले. केस न जाणाऱ्या सांध्याची एवढ्या वर्षांची कीर्ती त्या दोन स्क्रूंबरोबर त्यानं देऊन टाकली होती, आणि बदल्यात त्याला काही नको होतं. फक्त आतून काहीतरी आवाज यावा, असं मात्र वाटत होतं.

शेवटी तो आवाज आला.

“मानस, उभा का राहिलास? बस हं,” सुमन म्हणाली. आवाज नेहमीचा, पाहुणा आल्यावर असायचा तसा. “आत्ता चहा टाकते.”

पलंग जरासा करकरला, जणू कुणी उठायला गेलं, आणि मग थांबला.

संताजी आत गेला. तिच्या कपाळावर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही. मग त्यानं गॅस पेटवून चहा टाकला.