भित्र्या जाऊबाईंचे प्रयोग

कृष्णाकाठच्या गावांत जेवढी म्हणून भीती आहे, तेवढी सगळी आमच्या थोरल्या जाऊबाईंनी एकटीने अंगावर घेतली आहे आणि म्हणूनच घरातले आम्ही बाकीचे निवांत झोपतो, असं लग्न झाल्यापासूनचं माझं ठाम मत आहे. जाऊबाई कुकरला भितात. तो गॅसवर चढला की त्या अंगणात जाऊन उभ्या राहतात आणि शिट्ट्या तिथूनच मोजतात. "आगं, बंद कर आता, फुटंल!" अशी हाक आली की गॅस मी बंद करायचा. मिक्सर, पाल, सांगलीच्या दवाखान्यातली लिफ्ट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, सगळ्यांना त्या सारख्याच भितात. एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात आणि उतरेपर्यंत रस्त्यावरची नजर हलवत नाहीत. "दोघांनी बघितल्यालं बरं," म्हणतात. दुचाकीवर तर त्या कधी बसल्याच नव्हत्या. भाऊजी मोटारसायकलने शेतात पोचून उसाला पाणी सोडायचे, तरी या आपल्या बांधाबांधाने चालतच असायच्या.

अशा बाई आमच्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका. त्यात मध्यंतरी पलूसला त्यांचं प्रशिक्षण झालं. लहान मुलांनी विज्ञान ऐकून नव्हे, स्वतःच्या हाताने करून शिकायचं, असं तिथे सांगितलं गेलं, आणि जाऊबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने घरी आल्या. "आगं, आता पोरांना फुगं फुगवून दावायचं हाय. मेणबत्ती बी पेटवायची हाय. कसं व्हायचं माझं?" त्या दिवसापासून प्रत्येक प्रयोगाची तालीम आधी आमच्या स्वयंपाकघरात होऊ लागली. तालमीतलं मूल मी. फुग्याच्या तालमीला त्यांनी दोन्ही कानांत कापूस घातला आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतही तसाच घालून गेल्या. पोरांना वाटलं, कापूस हा प्रयोगाचाच भाग आहे. त्यांनीही मागून घेतला. पुढे कितीतरी दिवस गावात कुणाचा वाढदिवस असला की फुगे फुगवण्याआधी पोरं कापूस शोधत फिरायची. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालायचा होता, तेव्हा पाण्याची बादली आणि ओलं पोतं शेजारी ठेवूनच त्यांनी काडी ओढली. ज्योत विझल्यावर त्यांनी असा काही सुस्कारा सोडला, की पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण खरं सांगायचं तर पोरं त्यांच्या प्रयोगांवर जीव टाकायची. "बघा हां, आता काय हुतंय, मला बी ठाव न्हाई," असं त्या म्हणायच्या आणि ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. मग खोलीत इतकी शांतता व्हायची, की बाहेरची शेळी रवंथ करताना ऐकू यावी.

चण्याचा प्रयोग मात्र त्यांनी बिनधास्त घेतला. चण्याला काय भ्यायचं? एका वाटीत कोरडे चणे, दुसरीत रात्रभर भिजवलेले. पोरांनी हातात घेऊन बघायचं, दाबायचं, कुठला मोठा ते सांगायचं. त्या दिवशी मी त्यांचा विसरलेला डबा द्यायला स्कूटीवरून गेले होते. दारात पोचते तोच जाऊबाई बोलता बोलता मध्येच थांबल्या. कोपऱ्यात चार वर्षांची स्वरा बसली होती, गावातल्या निवृत्त सुभेदारांची नात. मला काही वेगळं दिसलं नाही. जाऊबाईंना दिसलं, की पोर तोंड उघडं ठेवून श्वास घेते आहे.

"स्वरा, नाकात काय घातलंस?"

"चणा," स्वरा म्हणाली. "आत फुगतुय का बघतीया. शेंबूड बी पाणीच हाय न्हवं?"

मदतनीस बाई डोक्यातला आकडा काढून धावल्या. "कुणी हात लावायचा न्हाई!" जाऊबाई ओरडल्या. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "आत ढकलला तर श्वास कोंडंल पोरीचा!" स्वराची आई शेतात, सुभेदार फोन उचलेनात. मदतनीस बाईंना बाकीच्या पोरांपाशी बसवून जाऊबाईंनी स्वराला उचललं आणि माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. आपण दुचाकीवर बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा गाव मागे पडलं होतं. त्यांची नखं माझ्या खांद्यात रुतली. समोरून उसाच्या ट्रॉल्या येत होत्या. "तोंडानं श्वास घे बाळा. कुत्रं कसं घेतंय? तसं," त्या सांगत होत्या. पोर कुत्र्यासारखी धापा टाकू लागली, तिला धीर यावा म्हणून जाऊबाईही टाकू लागल्या, आणि मग मीही. पलूसच्या दवाखान्यापर्यंत तिघी अशाच गेलो. मधेच मागची एक धाप ऐकू आली नाही, तर मी स्कूटी हळू करून मागे बघायची.

डॉक्टरांनी बारीक आकड्याने चणा अलगद बाहेर काढला. स्वरा जराशी रडली आणि मग वाकून ट्रेमध्ये बघू लागली. "फुगलाय!" जाऊबाई दवाखान्याच्या फरशीवरच बसल्या.

परतलो तर अंगणवाडीच्या दारात सुभेदार उभे. गावातले गडीसुद्धा त्यांच्यासमोर हळू बोलतात. "कुणी शिकिवलं ह्ये?" त्यांनी विचारलं. पोरीने आपलं आपण केलं, असं म्हणता आलं असतं. जाऊबाई पदर घट्ट धरून म्हणाल्या, "मी. चणं मीच दिलं. पोरगी माझ्याजवळ हुती." सुभेदारांनी नातीला कडेवर घेतलं. "उद्यापास्नं ही येणार न्हाई." दुसऱ्या दिवशी आणखी काही पोरं आली नाहीत. जाऊबाई जेवेनात. "मी नोकरी सोडती. माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई," असं म्हणू लागल्या. मला धास्ती वाटली, ती या वाक्याची. कारण एवढं भिऊनही त्यांनी आजवर कधी काही सोडलं नव्हतं.

आठवडाभराने दिवे लागायच्या वेळी सुभेदार आमच्या दारात आले. जाऊबाई खांबाआड सरकल्या.

"बाई, पोरगी ऐकत न्हाई. पावटं भिजवती, राजमा भिजवती, काल माझ्या गोळ्या भिजविल्या. आता काय कुठं घालंल, ह्या भ्यानं मला झोप न्हाई. आवं, घरात आमी चौघं हाय, पर कुणाचं ध्यान ऱ्हात न्हाई. तुमचं ऱ्हातंय. उद्या धाडू का?"

"धाडा," खांबाआडून आवाज आला. "पर मला लय भ्या वाटतंय, आबा."

"व्हय. म्हणूनच धाडतो."

यंदाच्या जूनमध्ये स्वरा पहिलीत गेली. शाळा अंगणवाडीच्या समोरच, मधे फक्त रस्ता. नवं दप्तर पाठीला लावून ती आजोबांचा हात सोडून पळत आत गेली. अंगणवाडीच्या दारातून बघत मी म्हटलं, "अक्का, आत चला आता." जाऊबाई म्हणाल्या, "थांब गं. वर्गात बसली का, तेवढं बघू दे." इथून वर्ग दिसत नव्हता. स्वराने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शाळेचं फाटक लागलं, प्रार्थना सुरू झाली, संपली, तरी जाऊबाई उंबऱ्यावर तशाच उभ्या होत्या.