गुलाबी बाव

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीतल्या नव्या कॉलनीची गटारलाइन एक पावसाळा काढते न काढते तोच जागोजागी फुटली. का फुटली हे शोधायचं काम माझ्या, म्हणजे ओव्हरसियरच्या, गळ्यात पडलं. शोधायचं काय डोंबलाचं! वाळूच्या थरावर ठेवायचे पाइप ठेकेदाराने थेट उघड्या जांभ्या दगडावर ठेवले होते. पण ठेकेदार पडला साहेबांचा साडू. मी कारण सांगितलं, साहेबांनी चहा पिता पिता ऐकलं आणि विषय संपला.

लाइनच्या खालच्या अंगाला एक बाई एकटी राहायची. जहाजावर नोकरी करणाऱ्या नवऱ्याने खोदलेली बाव म्हणजे विहीर, एवढंच त्याच्यामागे उरलेलं. अख्खी आळी तिथे पाणी भरायची. बाई रोज कचेरीत येऊन उभी राही. "सायेब, तुमचा पायप फुटलाय. माज्या बावीचा पानी नाकाशी नेववत नाय. बगा तरी येवन."

शेवटी साहेब वैतागले. "घाला चेंबरमध्ये रंग. बावीत उतरला तर मानू."

दुकानातला शिमग्याचा उरलेला गुलाबी रंग आणून आम्ही चेंबरमध्ये ओतला, वरून टँकरभर पाणी सोडलं. जांभ्याला अंगभर भोकं. दुसऱ्या सकाळी आळीसमोर तिने कळशी वर ओढली. पाणी गुलाबी! बाई चक्क टाळ्या पिटायला लागली. "बगलात? आता तरी पटला ना?"

"पटलं की," साहेब हसले. "तुमचंच खरं, बाई. बाव दूषित आहे. आजच बुजवून टाकू."

तिला आधी उमगलंच नाही. दगडमातीची पहिली पाटी आत पडली तेव्हा ती माझा हात धरून ओरडली, "पायप बदला म्हटला मी! बाव कशाला?" पुढची पाटी साहेबांच्या डोक्यावर रिकामी करावी असा संताप मला आला.

पाइपांना सिमेंटची ठिगळं लागली. बाव नाही, तेव्हा तक्रारही नाही. लाइन पास झाली.

पुढे एकदा आळीला नव्याने बसवलेल्या नळावरून जात होतो. इतकी वर्षं तिच्याच बावीवर भरणाऱ्या बायकांनी तिला रांगेतून मागे सारलं. "काकी, तुजी कलशी मागं ठेव गो. रंग लागंल आमाला." सगळ्या खिदळल्या. तीही हसली, आणि कळशी उचलून मागे गेली.