शेवटच्या क्रेटची राणी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं, म्हटलं जाऊ दे, दुसऱ्यांच्या घरातलं आपण कशाला चव्हाट्यावर आणायचं. पण काल कुणीतरी तिचा फोटो परत ग्रुपवर टाकला, खाली हसून हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि माझं डोकंच फिरलं. तिच्या भाचीबरोबर मी कॉलेजात आहे, त्यामुळं हे घरातूनच कळलंय, अफवा नाही. तर ऐका.

तिला सगळे राणीकाकू म्हणतात. छोट्याशा वायनरीतली थोरली सून. वायनरी म्हणजे काय, एक उतारावरची द्राक्षबाग, खाली तीन शेड, मधे अंगण, आणि बाटल्या भरायच्या शेडवर एक खोली, त्यात ती राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आता कारभार धाकट्या दिराकडे. बोलायला गोड माणूस, इतका गोड की ऐकताना कान चिकट व्हावेत. आणि त्याची सून, ती सगळे कार्यक्रम बघते, तिच्या हातातला माइक झोपतानाच काय तो खाली ठेवत असेल.

कार्यक्रम तर वर्षभर चालू. वेलींना डोळे फुटले की पाहुण्यांना बागेतून फिरवायचं. उन्हाळ्यात पिंपांच्या खोलीत गाण्याची संध्याकाळ, कारण तिथं गार असतं. बाटल्या भरायच्या आठवड्यात लेबलं चिकटवायला हौशी लोक येतात, अर्धी लेबलं तिरकी लावतात आणि वर तीच बाटली पैसे देऊन घरी नेतात. पण सगळ्यात मोठा दिवस म्हणजे तोडणीचा शेवटचा दिवस.

त्या दिवशी उताराच्या खालच्या ओळी मुद्दाम राखून ठेवतात. घरचे आणि पाहुणे मिळून एकेकाला एक ओळ. घड तोडायचे, क्रेट भरायचं आणि शेडच्या दारात आणून टेकवायचं. जो सगळ्यात शेवटी येईल त्याच्या डोक्यावर वेलीचा मुकुट, त्याला पालथ्या पिंपावर बसवायचं, आणि रस काढून उरलेला चोथा बादलीभर त्याच्या डोक्यावर ओतायचा.

राणीकाकू नवी नवरी असताना पहिल्यांदा शेवटची आली ती खादाडपणानं. निम्मे घड क्रेटमध्ये, निम्मे पोटात. बादली नवऱ्यानंच ओतली. साली केसांत, रस कानामागून गळ्यात, आणि ही बया मान वाकडी करून म्हणते, "अहो, ही बाजू कोरडी राहिली, इकडं पण घाला की!" अंगण खो खो हसलं. सासरे हसले, जे कधीच हसत नसत. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं, आणि त्या दिवसापासून ती दरवर्षी मुद्दाम शेवटची यायला लागली. ओळीत आडवी होऊन घोरायचं सोंग कर, वेलीशीच भांडण काढ, भरलेलं क्रेट खालच्या वाटेऐवजी वरच्या वाटेनं ने. लोक खास तिला बघायला यायचे. तिलाही आवडायचं, का नाही आवडणार?

पण तिचा खरा जीव तोडणीत नव्हताच. छाटणीत होता.

थंडीत पानं झडून वेली नुसत्या काड्यांच्या उभ्या राहतात, बागेत पाहुणा औषधालाही नसतो, तेव्हा ती कात्री घेऊन उताराच्या वरच्या ओळींत जायची. त्या ओळी तिनं आणि नवऱ्यानं मिळून लावलेल्या. तो गेल्यावर दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. कुठली काडी ठेवायची, कुठली कापायची, हे ठरवताना ती वेलीशी पुटपुटत बोलायची आणि तिथं तिला हसायला कुणी नसायचं. वर्षातले तेवढे दिवस ती कुणाची राणी नव्हती की काकू नव्हती.

आणि मग बोटं गेली. गेली म्हणजे आहेत, पण सांधे सुजून लिंबाएवढे झालेत, सकाळी मूठ मिटत नाही. तिनं कुणालाच सांगितलं नाही. कात्री हातातून पडली की म्हणायची, "रुसली गं बाई माझ्यावर!" लोक हसायचे. क्रेट उचलता आलं नाही की त्यावरच बसून वारा घ्यायची. लोक अजून हसायचे. इतकी वर्षं इतकं झकास सोंग केलं होतं ना, की खरंच जमत नाहीये हे कुणाच्या डोक्यातच येईना. तिनंही येऊ दिलं नाही. वरच्या ओळी छाटायला मात्र दोन-दोन महिने लागायला लागले.

यंदा तोडणी सुरू व्हायच्या आधी घरातलेच जेवायला बसले होते, तेव्हा दिरानं विषय काढला.

"वहिनी, यंदा छाटणीला बाहेरची टोळी बोलावतोय. बॅटरीच्या कात्र्या आहेत त्यांच्याकडे. सगळी बाग चार दिवसांत उरकतात."

"माझ्या ओळी सोडून," काकू म्हणाली.

"तुमच्या ओळी, तुमच्याच," दीर हसला. "असं करू, पैज लावू. तोडणीच्या दिवशी तुम्ही शेवटच्या आला नाहीत तर वरच्या ओळी तुमच्या. शेवटच्या आलात तर कात्री माझ्याकडे द्यायची. कबूल?"

"अहो मामंजी, काकू शेवटच्या नाही आल्या तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील माझ्याकडे!" सूनबाई म्हणाली आणि टेबल हसलं.

काकू हसली नाही. "कबूल," म्हणाली.

तोडणीच्या शेवटच्या दिवशी पहाटे उठून तिनं कढत पाण्यात हात बुडवून ठेवले, पार कातडी लाल होईस्तोवर. मग काड्या तारेला बांधायची जी हिरवी पट्टी असते ना, ती घेतली, कात्रीची एक मूठ उजव्या तळव्याला लावली आणि दातानं ओढून ओढून पट्टी घट्ट गुंडाळली. आता बोटांनी साथ सोडली तरी कात्री पडणार नव्हती. वरून तळव्याशी चिरलेला मोठा हातमोजा चढवला, कात्री तेवढी बाहेर, आणि शांतपणे आपल्या ओळीत जाऊन उभी राहिली.

माइकवर सूनबाईनं आकडे मोजले आणि सगळे सुटले.

काकूनं मान वर केली नाही. बोटांऐवजी मनगटानं जोर लावायचा, डाव्या कोपरानं घड दाबून धरायचा, कापायचा, क्रेटमध्ये टाकायचा. घडागणिक कळ खांद्यापर्यंत जायची. शेजारच्या ओळीतल्या दोन बायकांनी बघितलं.

"अगं बघ, यंदा काय भारी नवीन काढलंय! सिरियस चेहरा!"

"काकू, परीक्षेला बसलात का?"

फोन निघाले. कुणीतरी तिच्या तोंडासमोर येऊन व्हिडिओ घ्यायला लागलं, तिनं कोपरानं बाजूला सारलं, तर तेही हिट. "अरे मारतेय! राणी मारतेय!"

क्रेट भरलं. तिनं मागं पाहिलं. पांढऱ्या पँटमधला एक पाहुणा अजून निम्म्या ओळीतच होता, खांद्याला फोन चिकटवून कुणाशी तरी गप्पा मारत. तो मागे होता. म्हणजे ती शेवटची नव्हती! क्रेट पोटाशी कवटाळून ती उतारानं निघाली. धावता येईना, पण निघाली, आणि मला भाचीनं सांगितलंय की त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे कुणी आयुष्यात बघितलं नव्हतं. भाची दारातच उभी होती.

दार अगदी समोर आलं आणि माइक खरखरला.

"अहो काकू! तुम्ही कुठं निघालात? राणी पळाली रे, धरा तिला!"

झालं. दाराशी पोचलेल्या पाहुण्यांनी हातात हात घालून साखळी केली. हसत हसत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच तर डोकं फिरवणारं आहे! सगळ्यांना मजा हवी होती आणि तिच्याशिवाय मजा कसली.

"सोडा," काकू म्हणाली. "मी आधी आलेय."

हशा.

"अरे सोडा रे बाबांनो. माझी कात्री जाईल."

"काय ॲक्टिंग आहे!" सूनबाई माइकवर म्हणाली. तिला पैज माहीत होती. तिच्यासमोरच लागली होती.

दोन पोरांनी वर जाऊन पांढऱ्या पँटवाल्याला त्याच्या अर्ध्या क्रेटसकट खांद्यावर घेतलं आणि वाजतगाजत आणून दारात टेकवलं. साखळी उघडली, तो आत गेला, साखळी बंद झाली. काकूच्या हातातलं क्रेट निसटलं. घड उतारावर गडगडत गेले आणि ती खाली वाकून ते गोळा करायला लागली, एका हाताला कात्री बांधलेली, दुसऱ्याची बोटं मिटत नाहीत, आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तेव्हाच पिकला.

मुकुट चढला. पालथ्या पिंपावर बसवलं. बादली घेऊन ठोक्या आला, म्हणजे पिंपं दुरुस्त करणारा त्यांचा माणूस. तो दरवर्षी ओततो. यंदा तो घुटमळला. "काकू, कमी घालू का?" असं हळूच विचारलंही म्हणे. पण मागून "ओत! ओत!" सुरू झालं, आणि त्यानं ओतली.

"बोला काकू, बोला!" सगळे तिचं ते वाक्य ऐकायला थांबलेले.

साली तिच्या पापण्यांवर चिकटल्या होत्या. आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "ही बाजू कोरडी राहिली." टाळ्या, शिट्ट्या.

मग दीर आला. तिचा हातमोजा काढला आणि पट्टी सोडवायला लागला, एकेक वेढा, अगदी मायेनं. खालून बोटं दिसली. जवळच्या एकदोघांचं हसू थांबलं. दीर मात्र दचकला नाही. तो तिच्या कानाशी वाकला. भाची मागंच टॉवेल घेऊन उभी होती, तिनं ऐकलं.

"वहिनी, मला दोन वर्षांपासून माहितीये. सरळ कात्री मागितली असती तर लोकांनी कीव केली असती तुमची. आता कशी, हसत हसत गेली. तुमच्या भल्यासाठीच केलं मी."

आणि त्यानं कात्री कोटाच्या खिशात टाकली.

ती उठली. खोलीत गेली, केस धुतले. तेवढंच.

थंडीत टोळी आली. वरच्या ओळींसकट सगळी बाग चार दिवसांत छाटून झाली, सगळ्या वेली एकाच मापाच्या. काकू खिडकी लावून बसली होती. बॅटरीच्या कात्रीचा कट-कट आवाज तरी येतच राहिला. आता तिला रविवारी फाटकाशी खुर्चीवर बसवतात, डोक्यावर प्लास्टिकच्या पानांचा मुकुट, कारण खरा दर आठवड्याला कोण विणणार. लोक फोटो काढतात. तिच्या मागं सूनबाईनं पाटी लावलीय, "आमची राणी". आणि वेलींना डोळे फुटले की तिची खोली पाहुण्यांसाठी करणार आहेत, उतार छान दिसतो ना तिथून, आणि ती जाणार तिच्या भावाकडे, दुसऱ्या गावात, जिथं एकही वेल नाही.

म्हणून सांगते, लवकर जा. येत्या रविवारीच जा, पुढच्या नाही. फाटकाशी थांबा, फोटो मागू नका. तिला म्हणा, वरच्या ओळी दाखवता का, आणि तिला चालवत चालवत वर न्या. चढताना हात द्या पण बोटं दाबू नका, दुखतात. ती वाटेत काहीतरी विनोद करेल, तुम्ही हसावं म्हणूनच करेल. हसू नका. नुसतं ऐका आणि चालत राहा. प्लीज.